साधन शिक्षकाच्या हातात की मानगुटीवर?

गेल्या आठ-दहा वर्षांत ग्रामीण भागातील आपल्या कार्यकर्त्यांना एका नव्या समारंभाची सवय जडली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली नव्याने रंगवलेली असते, भिंतीवर पडदा किंवा मोठा टीव्ही लावलेला असतो, कोपऱ्यात इन्व्हर्टर गुरगुरत असतो आणि दारावर ‘डिजिटल वर्ग’ अशी पाटी झळकत असते. सरपंच नारळ फोडतात, गटशिक्षणाधिकारी दोन शब्द बोलतात आणि गावाने वर्गणी कशी जमवली याचा गौरवपूर्वक उल्लेख होतो. टाळ्या वाजवण्यात आपले साथीही मागे नसतात. टाळ्यांना माझी हरकत नाही. टाळ्या थांबल्यावर जे प्रश्न विचारायला हवेत ते आपण विचारत नाही, ही माझी तक्रार आहे. ही साधने निवडली कोणी? त्यांचा पुढचा खर्च कोण सोसणार? त्यांच्यामुळे शिक्षकाचे काम हलके झाले की जड, आणि त्यांच्या आडून कोणाचा कार्यभाग साधला जात आहे? हे प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारायचे नाहीत, तर कोणी विचारायचे?

यंत्राला विरोध करणे ही आपली परंपरा नव्हे. डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीला लहान यंत्राची कल्पना मांडली, तेव्हाही वाद यंत्र असावे की नसावे असा नव्हता. ते किती मोठे असावे आणि चालवणाऱ्याच्या कह्यात राहावे की नाही, असा होता. शाळेतील साधनांचा विचारही याच कसोटीवर करायला हवा. शिक्षकाने आपल्या वर्गाच्या गरजेतून एखादे साधन शोधणे, ते वापरून पाहणे, पटले नाही तर टाकून देणे, ही एक गोष्ट झाली. तेच साधन परिपत्रकाच्या बळावर, अमुक तारखेपर्यंत, छायाचित्रासह अहवाल पाठवण्याच्या अटीवर त्याच्यावर लादणे, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. आज दोन्हींना ‘डिजिटल शिक्षण’ हे एकच नाव दिले जाते आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरी खपवली जाते.

पहिलीची उदाहरणे महाराष्ट्रात उणी नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. मुलाने त्यावर फोन धरला की कविता ऐकू यावी, धडा डोळ्यांसमोर यावा, अशी ती साधी युक्ती. पुढे शासनाने ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि १० लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मा भाग त्यांनी अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकला. (बक्षिसाची निम्मी रक्कम सहव्यावसायिकांना वाटणारा माणूस आमच्या विद्यापीठीय जगात तरी माझ्या पाहण्यात नाही.) टाळेबंदीच्या काळात सोलापूर शहरातल्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण फोन घरोघरी नव्हता आणि भिंत मात्र होती. माझ्या मते हेही त्याच जातीचे संशोधन आहे. साधनाच्या निवडीपूर्वी शिक्षकाने वस्ती पाहिली होती.

ही परंपरा संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले, तेव्हा माँटेसरीची महागडी उपकरणे बाजूला ठेवून बिया, पाने, शंख-शिंपले यांतून साधने घडवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. मध्य प्रदेशातील होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम तर शिक्षकांनीच चालवलेली प्रयोगशाळा होता. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो १६ मिडल स्कूलमध्ये सुरू केला. १९७८ पर्यंत तो जिल्हाभर पसरला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली. स्वस्त साहित्याची पेटी, मुलांनी स्वतः करायचे प्रयोग, शिक्षकांच्या मासिक बैठका, आणि बैठकीत जे अडले त्यानुसार पुस्तकात केलेली दुरुस्ती, अशी त्याची रीत होती. सरकारी शाळांतील सामान्य शिक्षक अभ्यासक्रम घडवू शकतो, हे त्याने ३० वर्षे सिद्ध करून दाखवले. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. शिक्षकाला विचार करण्याची मुभा देणारी व्यवस्था नोकरशाहीला फार काळ सोसवत नाही.

वरून आलेल्या साधनांचा इतिहास याच्या जोडीने वाचला पाहिजे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. प्रयोग धाडसी होता, आपल्या शास्त्रज्ञांना त्याने पुष्कळ शिकवले, हे मान्य. पण मुदत संपली, उपग्रह परत गेला, आणि खेड्यातील शाळेला पुढच्या वर्षी त्याच खडूफळ्याकडे वळावे लागले. १९८४-८५ मध्ये शाळांतून संगणक साक्षरतेचा कार्यक्रम निघाला. त्यासाठी ब्रिटिश रचनेचे बीबीसी संगणक आणले गेले. पुष्कळ ठिकाणी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवले गेले. बिघडले तर भरपाई कोण देणार, या भीतीपुढे शिक्षणशास्त्र काय टिकणार! पेरू देशाने तर मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले; ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर त्याचा काही परिणाम आढळला नाही. यंत्रे पोहोचली होती. ती घेऊन वर्गात नेमके काय करायचे याची शिक्षकाशी चर्चा मात्र पुरेशी झाली नव्हती.

आता पैशाकडे वळतो. मी अर्थशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य घालवले, तेव्हा हिशेबाचा मोह मला आवरत नाही.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि त्याच्या ओघात डिजिटल शाळांची लाट उसळली. या लाटेतील भांडवल मोठ्या प्रमाणावर लोकवर्गणीचे होते. शेतमजुरांनी शंभर-दोनशे रुपये दिले, शिक्षकांनी आपल्या पगारातून भर घातली, कोठे माजी विद्यार्थी धावून आले. याला ‘लोकसहभाग’ असे गोंडस नाव आहे. सार्वजनिक शिक्षणाचा भांडवली खर्च गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून काढण्याला एरवी आपण कर म्हटले असते, आणि तोही अन्यायाचा कर. पण समजा, तेही चालवून घेतले. वर्गणीतून यंत्र विकत घेता येते, यंत्राचा घसारा भरून काढता येत नाही. टॅब चार-पाच वर्षांत मरतो, इन्व्हर्टरची बॅटरी त्याहून आधी, प्रोजेक्टरचा दिवा केव्हा जाईल याचा नेम नसतो. ‘समग्र शिक्षा’ योजनेत ३० पर्यंत पटाच्या शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपयांचे आहे, म्हणजे महिन्याला सव्वाआठशे रुपये. यातच खडू, झाडू, नळदुरुस्ती, कागद आणि वीज. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली आणि तरीही दारावर ‘डिजिटल’ची पाटी मिरवणारी शाळा मी मराठवाड्यात पाहिली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाट उघडून आठ टॅब दाखवले. त्यांतला एकही सुरू होत नव्हता, पण जडसंग्रह नोंदवहीत ते नोंदलेले असल्याने फेकूनही देता येत नव्हते. मी त्यांना घसाऱ्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “सर, घसारा आमच्या पगारातून जातो.”

परंतु खर्च ही गोष्ट त्यामानाने किरकोळ आहे. मुख्य धोका शिक्षकाच्या जागी यंत्र येण्याचा आहे. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली एक साधे निरीक्षण मांडले. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार वादकच वाजवत, आजही चारच लागतात. कारखान्यातील उत्पादकता मात्र कितीतरी पटींनी वाढलेली असते. म्हणून ज्या व्यवसायात माणसाचे श्रम हीच सेवा असते, तो इतरांच्या तुलनेत महागच होत जातो. शिक्षण हा असाच व्यवसाय. सुसंस्कृत समाज हा खर्च आनंदाने सोसतो. अर्थखात्याला मात्र त्यात ‘काटकसरीला वाव’ दिसू लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ ची. तिच्यामागे आपल्याच कोल्हापूरच्या जे. पी. नाईकांचे कष्ट होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला, आणि तो एकाही वर्षी गाठला गेलेला नाही. पैसा द्यायचा नाही आणि सुधारणा मात्र दाखवायची, अशा सरकारला पडद्यासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही.

हे कसे घडते ते द्विशिक्षकी शाळेत जाऊन पाहावे. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक. त्यांतले एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामावर. उरलेली बाई दोन वर्गांना टॅबवर बसवते आणि दोन वर्गांना शिकवते. यात तिचा दोष तर नाहीच, उलट हिकमतच आहे. पण तिच्या या हिकमतीचे छायाचित्र जेव्हा अहवालात जाते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. एका शिक्षकावर चार वर्ग भागतात, असा पुरावा तिने स्वतःच्या हाताने दिलेला असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजण्यात आल्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते. मुलांना चांगल्या सुविधा मिळतील, हे समर्थन होते. वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून ती सुविधा गाठावी लागेल, हे समर्थनात नव्हते. म्हणजे शिक्षक कमी करायचे तेव्हा यंत्र पुरेसे ठरते आणि शाळा बंद करायची तेव्हा तिथे यंत्रे नाहीत हेच कारण होते. दोन्ही युक्तिवाद एकाच कार्यालयातून निघतात याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

शिक्षकाच्या रोजच्या कामावर डिजिटल साधनांचा खरा भार कोठे पडला आहे, हे शिक्षकांनाच विचारा. अध्यापनाला त्याने किती वापरले हे सांगताना तो अडखळेल, पण माहिती भरण्याबद्दल तो तासभर बोलेल. विद्यार्थ्यांची माहिती एका पोर्टलवर, शाळेची दुसऱ्यावर, पोषण आहाराचा रोजचा आकडा तिसरीकडे, आधार जुळवणी चौथीकडे. २०२३ च्या डिसेंबरपासून मुलांची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याचाही आदेश निघाला. शिवाय व्हॉट्सॲपच्या गटावर दिवसातून दोनदा ‘तात्काळ’ आणि ‘अतितात्काळ’. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांवर शिक्षकाला जुंपता येत नाही. मग स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खर्चाच्या डेटावर, मुलांसमोर बसून भरलेले हे तक्ते कोणत्या सदरात बसतात? ते ‘शैक्षणिक’ आहेत असे उत्तर मिळते. शब्दांचा असा उपयोग नोकरशाहीलाच जमतो.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली आपल्या ग्रंथात कारखान्यातील श्रमाचे जे विश्लेषण केले ते येथे नेमके लागू पडते. कामाचा विचार एकाने करायचा आणि काम दुसऱ्याने करायचे, ही भांडवली व्यवस्थापनाची मूळ रीत. तिच्यामुळे कारागीर कसबाला मुकतो आणि नजरेखाली राहतो. पाठ कोणता, किती मिनिटांचा, त्यानंतरची चाचणी कोणती हे ॲप ठरवणार, आणि शिक्षकाने बटण दाबून ‘पूर्ण’ अशी नोंद करायची. हे सुताराचा रंधा काढून घेऊन त्याला लाकडे वाहायला लावण्यासारखे आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा उद्घोष सुरू झाला आहे. स्वाध्यायपत्रिका बनवायला एखाद्या शिक्षकाने तिची मदत घेतली तर मी त्याला शाबासकीच देईन. पण पत्रिका बनवण्याचा अधिकारच त्याच्याकडून गेला, तर मदत कोणाला होणार?

या साऱ्यावर खासगी भांडवलाची नजर नसती तरच नवल. बायजूज ही कंपनी २०२२ साली २२ अब्ज डॉलर मूल्याची मानली जात होती. त्याच वर्षी आंध्र प्रदेश सरकारने तिच्याशी करार केला आणि डिसेंबरात सरकारी शाळांतील आठवीच्या चार लाखांहून अधिक मुलांना तिचे पाठ भरलेले टॅब वाटले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. आठवीतले मूल दहावीला पोहोचेपर्यंत कंपनीचा डोलारा कोसळला होता. सरकारी शाळेने कंपनीचा अभ्यासक्रम भाड्याने घेतला तर कंपनीच्या नशिबाला मुलांचे नशीब बांधले जाते, हा धडा तरी यातून आपल्या विधिमंडळातील मित्रांनी घ्यावा.

“मग काय शहरातल्या श्रीमंतांच्या मुलांनी संगणक शिकायचे आणि आमच्या मुलांनी पाटीवर अक्षरे गिरवायची?” असे काही तरुण साथी संतापून विचारतात. त्यांचा संताप योग्य आहे, रोख चुकीचा आहे. श्रीमंतांच्या शाळेत पडद्याशेजारी शिक्षक उभा असतो. एका वर्गाला एक, आणि कला-क्रीडेला निराळे. विषमता तिथे आहे. फोनच्या बाबतीत दरी बरीच बुजली आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी केलेले ७६ टक्के. याच पाहणीत देशातील सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. फोन हातात आहे, वाचायला शिकवणारा माणूस पुरेसा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी केली तेव्हा शिक्षक कोणत्या वर्गातून यावेत आणि त्यांचा पगार किती असावा, यावर त्यांनी भर दिला होता.

दुसरा मार्ग कसा असतो हे केरळात पाहता येते. शतकाच्या आरंभी तेथे शाळांत संगणक आले तेव्हा एका बड्या परदेशी कंपनीच्या प्रणालीवर अभ्यासक्रम बेतला जात होता आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही कंपन्यांचा शिरकाव झाला होता. डाव्या विचारांच्या शिक्षक संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला. मुक्त संगणक-प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनी साथ दिली आणि शासनाला मुक्त प्रणालीकडे वळावे लागले. तिची नक्कल करायला, तिच्यात बदल करायला कोणाची परवानगी लागत नाही, परवान्याचे पैसेही लागत नाहीत. प्रशिक्षण देणारे ‘मास्टर ट्रेनर’ हे शाळांतलेच शिक्षक. २०१७ पासून हे काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते आणि ४५,००० वर्गखोल्या तिने सज्ज केल्या. केरळातही सारे आलबेल होते असे नाही. जून २०२० मध्ये दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा अडीच लाखांहून अधिक मुलांजवळ संच किंवा फोन नव्हता, आणि मग ग्रंथालये व अंगणवाड्यांतून सामुदायिक संच बसवावे लागले. पण तिथे निदान बसवता आले, कारण ग्रंथालय होते आणि संघटना होती.

आपल्याकडील शिक्षक संघटनांनी बदल्या आणि वेतनश्रेणी यांवर मोर्चे काढले, ते रास्तच. पण वर्गातील साधनांवर कोणाची सत्ता, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर घेतलेला मला दिसला नाही. केंद्रस्तरीय शिक्षण परिषद दरमहा भरते. तिथे वरून आलेल्या सूचना वाचून दाखवण्याऐवजी शिक्षकांनी आपले प्रयोग मांडावेत, फसलेले प्रयोगही मांडावेत, असा आग्रह संघटनांनी धरला तर होशंगाबादची मासिक बैठक महाराष्ट्रात पुन्हा भरू शकेल. सरकारी पैशाने बनलेला प्रत्येक धडा सर्वांना नक्कल करण्यास खुला हवा. यंत्र देणाऱ्या योजनेत वीज, दुरुस्ती आणि बदली यंत्राची तरतूद नसेल तर ग्रामसभेने ते यंत्र नाकारावे. तक्ते भरण्यासाठी प्रत्येक केंद्राला एक लिपिक हवा. आणि पट कितीही असो, साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक ही कायद्याच्या अनुसूचीतील अट मोडू देता कामा नये.

हे सारे एकदम होणार नाही. पण पुढच्या उद्घाटनाचे निमंत्रण येण्यापूर्वी तालुका कार्यकर्त्याने एक काम करावे. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज देऊन तालुक्यातील शिक्षकांची रिक्त पदे, वीज तोडलेल्या शाळा आणि २०१५ पासून नोंदवलेल्या डिजिटल संचांपैकी आज चालू असलेले संच, हे तीन आकडे शाळावार मागावेत. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.